समोरून येणारी स्कूल बस थांबली, तर आपणही थांबायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत नुकतंच लायसन्स मिळालेले एक गृहस्थ चार लेनच्या रस्त्याने चालले होते. मध्ये डिव्हायडर नव्हता, नुसती दुहेरी पिवळी रेघ. समोरून येणारी स्कूल बस थांबली, तिचे लाल दिवे लागले, म्हणून हेही थांबले. मागच्या गाडीवाल्याने आधी हॉर्नवर हॉर्न वाजवले आणि मग तो शेजारच्या लेनमधून सरळ निघून गेला. ते विचारतात, ‘मी थांबलो ते बरोबर की चूक? पुढच्या महिन्यात आम्ही टेक्ससला चाललो आहोत. तिथला नियम वेगळा आहे का?’

तुम्ही पूर्णपणे बरोबर होतात. हॉर्न वाजवणाऱ्याने नियम मोडला, आणि ज्या पद्धतीने मोडला तो प्रकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. त्याकडे शेवटी येते.

मी गेली बारा वर्षं न्यू जर्सीत स्कूल बस चालवते, म्हणजे हा सगळा खेळ मी रोज सकाळ-दुपार बसच्या काचेतून बघते. आपल्याकडून नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना हा नियम आधी विचित्र वाटतो. थांबलेल्या बसच्या बाजूने गाडी काढायची, हेच आपल्या हातापायांत मुरलेलं असतं. इथे नेमकं उलट आहे. लाल दिवे लावून थांबलेली स्कूल बस म्हणजे रस्त्याच्या मध्येच उगवलेला सिग्नल समजायचा. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हा कायदा आहे. फरक आहे तो मुख्यतः एकाच मुद्द्यावर: समोरून येणाऱ्यांनी कुठल्या रस्त्यावर थांबायचं आणि कुठल्या रस्त्यावर नाही.

तिकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून टाका. तुम्ही ज्या दिशेने जात आहात त्याच दिशेने तोंड करून बस उभी असेल, म्हणजे तुम्ही तिच्या मागे किंवा शेजारच्या लेनमध्ये असाल, तर रस्ता दोन लेनचा असो की सहा लेनचा, मध्ये डिव्हायडर असो की नसो, थांबायचंच. ‘मी तिच्या मागे नव्हतो, बाजूच्या लेनमध्ये होतो’ हे कारण कुठेही चालत नाही. काही लोक तर उजव्या बाजूने, दरवाजा आणि फुटपाथ यांच्या फटीतून गाडी काढतात. दरवाजा उघडताना मी उजवा आरसा पुन्हा बघते तो याच लोकांसाठी.

आता दिवे कसे चालतात ते बघा, कारण खरी चूक तिथेच होते. बसच्या पुढे-मागे, वरच्या बाजूला, चार-चार दिवे असतात: दोन पिवळे, दोन लाल. थांबा जवळ आला की आम्ही आधी पिवळे लुकलुकते दिवे लावतो. कॅलिफोर्नियाचा कायदा थांब्याच्या २०० फूट आधी ते लावायला सांगतो. अंतर राज्याराज्यांत बदलतं, पण पद्धत तीच. मग बस थांबते, दरवाजा उघडू लागतो, पिवळे जाऊन लाल लागतात आणि डाव्या अंगाची अष्टकोनी ‘स्टॉप’ पाटी बाहेर येते. नव्या बसना ही पाटी असलीच पाहिजे, असा केंद्रीय नियम १९९२ पासून लागू आहे. आमच्यातले अनुभवी ड्रायव्हर आधी दरवाजा दोन-तीन बोटं उघडतात. तेवढ्याने लाल दिवे लागतात, पण मूल बाहेर पडू शकत नाही. सगळ्या गाड्या थांबल्या हे आरशात बघायचं, मगच दरवाजा पूर्ण उघडायचा.

पिवळे दिवे म्हणजे ‘थांबायची तयारी करा’. पण पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘लाल लागायच्या आत निघून जा’ असा घेतात. सिग्नलवर जी खोड लागलेली असते तीच इथे. ताशी ४५ मैल वेगाने गाडी सेकंदाला ६६ फूट जाते. बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरलात तर जवळपास १०० फूट गेले, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. पिवळे दिवे दिसल्यावर तुम्ही वेग वाढवलात, तर लाल लागतील तेव्हा तुम्ही बरोबर दरवाज्यापाशी असाल आणि थांबणं शक्य नसेल. म्हणून शिकाऊ लोकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: निर्णय पिवळ्यावर घ्यायचा. पिवळे दिसले की पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, आरशात मागचा किती जवळ आहे ते बघा आणि हलका ब्रेक लावून त्याला वेळेवर कळू द्या. लाल लागेपर्यंत तुमची गाडी चालण्याच्या वेगावर आलेली असेल, तर राज्य कुठलं आणि रस्ता कसला याचा विचार करायला तुमच्याकडे सवड असते. ताशी ४५ मैलांवर ती नसते.

थांबायचं किती अंतरावर? न्यू जर्सीत किमान २५ फूट, म्हणजे साधारण दीड गाडीची लांबी. न्यूयॉर्कची परवाना-पुस्तिका २० फूट सांगते, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो १०. मी म्हणते २५ कुठेही चालेल, जास्तच ठेवा. बसच्या चारी बाजूंचा दहा-दहा फुटांचा पट्टा आम्ही धोक्याचा पट्टा मानतो. पडलेला डबा उचलायला, उडालेला कागद पकडायला मूल वाकतं ते याच पट्ट्यात, आणि वाकलेलं मूल मला बसमधूनही दिसत नाही. बसच्या पुढच्या बंपरवरून उघडणारा लांब दांडा तुम्ही पाहिला असेल. मुलाने त्या दांड्याला वळसा घालूनच पुढे जावं, म्हणजे ते मला दिसेल अशा अंतरावरून जाईल, यासाठी तो असतो.

पुन्हा निघायचं कधी? न्यू जर्सीचा कायदा दोन्ही गोष्टी मागतो: लाल दिवे बंद झाले पाहिजेत, आणि उतरलेलं मूल रस्त्याच्या कडेला पोहोचलेलं असलं पाहिजे. त्यातला दुसरा भाग लोक विसरतात. दिवे गेले म्हणजे मूल पोहोचलंच असं नाही. हातमोजा राहिला म्हणून मागे वळलेली मुलं मी पाहिली आहेत. काही राज्यांत बस ड्रायव्हरने हाताने खूण केली तर जायला परवानगी आहे, टेक्सस त्यातलंच एक. मी स्वतः मात्र अशी खूण कधी करत नाही, कारण एकाला केलेली खूण चौघे आपल्याला केली असं समजतात. तुम्हीही मुलांना ‘जा, जा’ असा हात करू नका. कितीही चांगल्या मनाने केलात तरी नको. रस्ता ओलांडताना फक्त बस ड्रायव्हरच्या खुणेकडे बघायचं आणि बसचा लांब हॉर्न ऐकला की उलट फिरायचं, हे आम्ही मुलांना घोटून शिकवतो. गाडीतल्या काकांनी हात केला की मूल गोंधळतं, आणि काकांना शेजारच्या लेनमध्ये काय येतंय ते दिसत नसतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा. न्यू जर्सीत दोन दिशांच्या मध्ये उंचवटा, कठडा किंवा बेट असेल तर समोरून येणाऱ्यांनी थांबायची सक्ती नाही, पण वेग ताशी १० मैलांवर आणावा लागतो. रंगवलेली रेघ म्हणजे डिव्हायडर नव्हे. ती दुहेरी असो, जाड असो, तिने काही फरक पडत नाही. तुमच्या रस्त्यावर नुसती रेघ होती, त्यामुळे दोन्ही दिशांच्या चारही लेन थांबायला हव्या होत्या. शाळेच्या दारातच बस मुलं उतरवत असेल तर न्यू जर्सीत ताशी १० मैलांपेक्षा कमी वेगाने पुढे जाता येतं. पण हीच सवय घेऊन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये गेलात तर फसाल. तिथे शाळेसमोरही थांबायचं आणि मध्ये डिव्हायडर असला तरी थांबायचं. माझ्या ओळखीतले किती तरी जण रोज ही नदी ओलांडून कामाला जातात. त्यांना मी सांगते, दोन्हीकडे न्यूयॉर्कचाच नियम पाळा, डोक्याला त्रास नाही. डिव्हायडरपलीकडे मागून गाड्या वेगात येत असतील तर मात्र एकदम ब्रेक मारू नका; वेग आधीपासून उतरवत आणा.

टेक्ससचं म्हणाल तर तिथला कायदा न्यू जर्सीच्या जवळ जातो. दोन रस्ते मोकळ्या जागेने किंवा खऱ्याखुऱ्या अडथळ्याने वेगळे असतील तरच पलीकडच्याला सूट आहे. तिकडच्या रस्त्यांवर मधोमध डावीकडे वळण्यासाठी एक सामायिक लेन असते. पाच लेनचा तो प्रशस्त रस्ता बघून आपल्याला वाटतं की हा ‘डिव्हाइडेड’च आहे. नाही. ती लेन अडथळा नव्हे, तिथे दोन्ही दिशांनी थांबायचं. पहिल्याच वेळी दंड ५०० ते १,२५० डॉलर आहे, म्हणून मी तुम्हाला हा मुद्दा मुद्दाम सांगते आहे.

त्याउलट तीच पाच लेनची रचना वॉशिंग्टन राज्यात असेल तर समोरून येणाऱ्याला थांबावं लागत नाही, कारण तिथे तीन किंवा जास्त लेन असल्या की त्याला सूट आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक दिशेला दोन किंवा जास्त लेन असल्या की सूट, इलिनॉय आणि ओहायोतही चार लेनच्या रस्त्यावर तसंच. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यावर थांबलात तसाच रस्ता कॅलिफोर्नियात असता तर न थांबणारा कायद्याने बरोबर ठरला असता. एकाच देशात हे असं का, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. त्यामागचं कारण बसच्या मार्गात आहे. रुंद रस्त्यावर मुलाने पलीकडे जावंच लागू नये, ज्या बाजूला घर त्याच बाजूला बस यावी, अशी आखणी करायचा प्रयत्न असतो. ती आखणी बरोबर चालली तर समोरच्या लेनमध्ये मूल येण्याचं कारण उरत नाही. आणि कॅलिफोर्नियात तर आठवीपर्यंतच्या मुलांना रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा ड्रायव्हर स्वतः हातात स्टॉपची पाटी घेऊन खाली उतरतो आणि त्यांना पलीकडे नेतो. पण आखणी कागदावर असते. बदली ड्रायव्हर आलेला असतो, नेहमीच्या जागी रस्त्याचं काम चाललेलं असतं, किंवा पलीकडे आजी उभी दिसते आणि मूल धावतं. म्हणून सूट असलेल्या राज्यातही मी समोरून जाताना वेग निम्म्यावर आणते आणि नजर बसच्या पुढच्या बंपरवर ठेवते. मूल बाहेर येतं ते तिथूनच.

पेनसिल्व्हेनियात आणखी एक बारकावा आहे. बस चौकात थांबली असेल तर चारही बाजूंनी येणाऱ्यांनी थांबायचं. बाजूच्या गल्लीतून बसच्या रस्त्यावर वळणाऱ्याला वाटतं की हा नियम आपल्यासाठी नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असो वा नसो, वळू नका. वळल्यावर तुम्ही थेट बसच्या समोर किंवा मागेच जाणार आहात.

गोंधळ होऊ शकेल असे एक-दोन प्रसंग. रेल्वे फाटकाशी स्कूल बस थांबते, गाडी येत नसली तरी थांबते. आम्ही खिडकी आणि दरवाजा उघडून कानोसा घेतो, दोन्हीकडे बघतो आणि मगच रूळ ओलांडतो. त्या वेळी वरचे लाल दिवे लागत नाहीत, फार तर चारी कोपऱ्यांचे हझार्ड लागतात. मागे शांतपणे उभे राहा, घाईने बाजूने काढू नका. पण ते मुलं उतरवण्याचं थांबणं नव्हे आणि समोरून येणाऱ्याने थांबायची गरज नाही. शहराच्या साध्या सार्वजनिक बसलाही हा नियम लागू होत नाही. (न्यू जर्सीत मात्र लाल दिवे लावून उभ्या असलेल्या आइस्क्रीमच्या गाडीपाशीही थांबावं लागतं आणि मग ताशी १५ मैलांच्या आतच पुढे जायचं. तिथेही कारण तेच, रस्त्यात धावणारी मुलं.)

शिक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नव्याने आलेल्यांना हे माहीत असावं. न्यू जर्सीत लायसन्सवर ५ पॉइंट (नियम मोडल्याचे गुण) बसतात आणि १५ दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवाही होऊ शकते. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत तिसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स वर्षभरासाठी जातं. व्हर्जिनियात ही गोष्ट ‘रेकलेस ड्रायव्हिंग’मध्ये धरली जाऊ शकते, आणि तो तिथे फौजदारी गुन्हा आहे: १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड. व्हिसावर असलेल्यांनी असं तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, आलं तर नुसता दंड भरून मोकळं होऊ नये, आधी वकिलाशी बोलावं. पुढच्या अर्जांत त्याबद्दल विचारलं जाऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी आता बसच्या पाटीवर कॅमेरा असतो. त्याचं तिकीट गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी येतं, चालवत कोणी का असेना.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, लोक मुद्दाम थोडीच करतात? बरेचसे करत नाहीत, हे मलाही मान्य आहे. २०१९ साली राज्यांच्या विद्यार्थी-वाहतूक संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने ३९ राज्यांतल्या १ लाख ३० हजारांहून अधिक बस ड्रायव्हरांकडून एका दिवसाची नोंद घेतली होती. त्या एका दिवसात ९५ हजारांहून जास्त गाड्या लाल दिवे ओलांडून गेल्या. इतके सगळे लोक वाईट नसतात. बहुतेकांना बस दिसलेलीच नसते, म्हणजे डोळ्यांना दिसलेली असते पण मनात उमटलेली नसते.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण इंडियानातल्या रॉचेस्टर गावाजवळचं. ३० ऑक्टोबर २०१८ ची सकाळ, अजून उजाडलेलं नव्हतं, दोन लेनचा राज्यमार्ग. मुलं रस्ता ओलांडून बसकडे निघाली होती. बसचे दिवे लागलेले होते, पाटी बाहेर होती. समोरून आलेल्या पिकअपने सहा वर्षांचे जुळे भाऊ आणि त्यांची नऊ वर्षांची बहीण यांना उडवलं. तिघंही गेली, आणखी एक मुलगा गंभीर जखमी झाला. पिकअप चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं की दिवे दिसले होते, पण ती बस आहे हे लक्षात आलं नाही. मला ते खरं वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. अंधारात काही तरी लुकलुकतंय, काय आहे ते कळत नाही, आणि तरी वेग तोच. पुढच्या वर्षी इंडियानाने कायदा कडक केला आणि राज्यमार्गावर मुलांना ओलांडायला लावणारे थांबे टाळायला सांगितलं. ‘निर्णय पिवळ्यावर घ्या’ असं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळ असते. पुढे काय लुकलुकतंय ते कळलं नाही, तर कळेपर्यंत वेग कमी करा.

बसचा रंगसुद्धा याचसाठी निवडलेला आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सिर यांनी देशभरातल्या लोकांना बोलावून स्कूल बसची मानकं ठरवली, त्यात हा गडद पिवळा आला. पहाटेच्या आणि सांजेच्या अर्धवट उजेडात या रंगावरची काळी अक्षरं सगळ्यात ठळक दिसतात. पण रॉचेस्टरसारख्या पूर्ण अंधारात रंग उपयोगाचा नसतो, तिथे फक्त दिवे. हिवाळ्यात सकाळी सूर्य समोर असला की दिवेही फिके पडतात. थंडीत काच नीट पुसून, बर्फ पूर्ण खरवडूनच निघा. फक्त समोर हातभर भोक पाडून गाडी चालवणारे मला दर जानेवारीत दिसतात.

आता मागे ठेवलेला मुद्दा. तुमच्या मागचा शेजारच्या लेनमधून निघून गेला. चार लेनच्या रस्त्यावर तुम्ही डाव्या, म्हणजे मधल्या रेषेलगतच्या लेनमध्ये थांबला आहात असं धरा. मूल बसच्या पुढून निघालं, तुमची गाडी थांबलेली पाहिली, त्याला धीर आला, ते तुमच्या बॉनेटसमोरून पुढे गेलं. आता शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला तुमच्या गाडीआड असलेलं चार फुटांचं मूल दिसत नाही, आणि मुलाला ती गाडी दिसत नाही. थांबलेली गाडीच पडदा होते. यावर तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. एक, बसपासून लांब थांबा, २५ च्या जागी ४० फूट, म्हणजे तुमच्या पुढे मोकळी जागा राहते आणि दोघांनाही एकमेकांना बघायला वेळ मिळतो. दोन, थांबताच हझार्ड लावा. तीन, मागून कितीही हॉर्न वाजला तरी पाय ब्रेकवरून काढू नका, पुढेही सरकू नका. टेक्ससच्या पाच लेनच्या रस्त्यांवर हे आणखी लागेल.

बाकीचं आम्ही बघतो. तुम्ही थांबलात म्हणून मी मुलाला लगेच खूण करत नाही. आधी तुमच्याकडे बघते, मग शेजारच्या लेनकडे. तिथे एखादी गाडी येत असेल तर तिच्या पुढच्या चाकांकडे बघत राहते, आणि ती फिरायची थांबली की मगच खूण करते.